समोरचा बंगला विकायचाय म्हणे!

"ताई, ऐकलंत का? समोरचा बंगला विकायला काढलाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? सकाळपासून तिसरी गाडी आली बघायला. आणि तो एजंट बघा, पांढरा शर्ट घालून फिरतोय. लोणावळ्यात जुलैचा चिखल माहीत असलेला माणूस पांढरं घालतो का कधी?"

वहिनींच्या आणि आमच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि तिच्यावर जास्वंद. जास्वंदीत मध्येच एक खिंडार पडलंय, तेवढ्यातून वाटी, वर्तमानपत्र आणि बातम्या इकडून तिकडे जातात. तुंगार्लीच्या बाजूची ही जुनी गल्ली. मी इथे लग्न होऊन आले, सासरे रेल्वेत होते. वहिनी डोंबिवलीच्या. भाऊजी बँकेतून निवृत्त झाले आणि हे दोघं गाशा गुंडाळून इथे आले. पण गल्लीची खडान्‌खडा माहिती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

"जाहिरात वाचलीत का? 'लेक व्ह्यू बंगला, निसर्गाच्या कुशीत.' यांच्या मोबाइलवर आली होती."

"अगं बाई! कुठलं तळं दिसतं तिथून?"

"गच्चीवर गेलं, गच्चीवरून टाकीवर चढलं, धुकं नसलं आणि मधला आंबा तोडला, तर दिसत असेल वळवणचं पाणी."

मी हसले, पण खोटं नव्हतं ते. आमच्याकडे तळ्यांना तोटा नाही. वळवण आहे, लोणावळा तलाव आहे, वर तुंगार्ली आहे, तिकडे भुशी, आणि डोंगरापलीकडे पवना. त्यामुळे कुठल्याही खिडकीला 'लेक व्ह्यू' म्हणायला एजंट मोकळे. पण यातलं एकही तळं देवाने केलेलं नाही. भुशी बांधलं रेल्वेने, वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून. सासरे हे इतक्या अभिमानाने सांगायचे, की जणू त्यांनी स्वतःच घमेली उचलली होती. वळवण टाटांचं. १९११ साली कोनशिला बसली, १९१५ साली खाली खोपोलीत वीज तयार व्हायला लागली. पाणी इथून नळातून घाट उतरायचं आणि तिकडे मुंबईच्या गिरण्या चालायच्या.

"म्हणजे तळं बघायचं आपण आणि ठेवायचं कंपनीने," वहिनी म्हणाल्या.

"अगदी बरोबर. पाणी किती सोडायचं, किती साठवायचं हे तुमच्या-माझ्या बाल्कनीला विचारून ठरत नाही. आणि काठावर आपला हक्क म्हणाल, तर पायसुद्धा बुडवायचा नाही."

"आणि पवनेचं काय ते? तुमच्या नणंदेच्या दिरांनी घेतलं होतं ना काहीतरी?"

हा विषय निघाला, की वहिनी भिंतीवर कोपरं टेकवून उभ्या राहतात. आता अर्ध्या तासाची निश्चिंती.

नणंदेच्या दिरांना पवनेच्या काठी जागा दाखवली ती जानेवारीत. पाणी तुडुंब, समोर तुंग आणि तिकोना, काठावर तंबू, रात्री शेकोटी. माणूस विरघळला. मे महिन्यात जाऊन बघतो तर पाणी हे एवढं लांब! मधे भेगाळलेला गाळ आणि त्यात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं, उन्हाळ्यात ते उतरणारच. ही झाली पहिली गंमत. दुसरी अशी, की पाणी उतरल्यावर जी जमीन उघडी पडते आणि जी काठाला लागून आहे, त्यातली बरीचशी धरणासाठी संपादन झालेली, म्हणजे सरकारी. तिथे ओटा बांधला काय आणि बंगला बांधला काय, अतिक्रमणच. आणि तिसरी गंमत सातबाऱ्यावर. पाच गुंठे घेतले म्हणून पेढे वाटले, पण सातबारा काढला तर त्यावर पंधरा-वीस नावं, सगळी सामायिक! आपले पाच गुंठे नेमके कुठले, हे ना तलाठ्याला सांगता येई, ना विकणाऱ्याला.

"पण तुमच्या नणंदेचे ते दीर शेतकरी आहेत का?" वहिनींनी बरोबर बोट ठेवलं.

"कसले शेतकरी! कुंडीत तुळस आहे तेवढीच शेती. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, एवढं पोराटोरांना माहीत आहे. पण एजंट म्हणाला, 'दाखल्याचं मी बघतो.' तिथेच उठून यायला हवं होतं."

"आणि तुम्हाला सांगू? ज्यांची जमीन पाण्याखाली गेली ती माणसं तिथे अजून पुनर्वसन मागताहेत, आणि शहरातला माणूस त्याच पाण्याकडे तोंड करून आरामखुर्ची टाकतो. मला नाही बाई बरं वाटत."

एवढ्यात समोरच्या फाटकातून एक जोडपं बाहेर आलं. ठाण्याचं, हे नंतर कळलं. पांढरा शर्ट फोनवर बोलत मागे राहिला आणि ही दोघं नेमकी आमच्याच भिंतीशी आली.

"काकू, जरा विचारायचं होतं. इथे पाण्याचा प्रॉब्लेम नाही ना?"

वहिनी म्हणाल्या, "पाण्याचा प्रॉब्लेम नाही हो. पाणी हाच प्रॉब्लेम आहे."

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग वहिनींनी सुरुवात केली. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, आमच्याकडे चार हजारांच्या वर, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आषाढात आठ-आठ दिवस उजाडतच नाही. पापड तळायच्या आधीच मऊ. काडेपेटी फ्रीजवर ठेवायची, ती तिथे जरा तरी कोरडी राहते. लोकरीचे कपडे पिशवीत बांधून वर टाका, नाहीतर पांढरी बुरशी. चामड्याचा पट्टा कपाटात विसरलात तर गणपतीला हिरवा होऊन बाहेर येईल. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, फक्त थंड होतात. वीज गेली तर कधी येईल ते विचारायचं नाही. कुठे फांदी पडली, ते शोधत माणसं रेनकोट घालून डोंगरात फिरत असतात.

"अहो, पण घर एकदम कोरडं आहे. आत्ताच बघितलं," तो गृहस्थ म्हणाला.

"पश्चिमेकडची बेडरूम बघितलीत?"

"हो. तिथे तर नुकताच रंग दिलाय."

"फक्त तिथेच?"

तो गप्प. त्याची बायको मात्र हुशार. म्हणाली, "काकू, येता का जरा आमच्याबरोबर?"

असं बोलावणं वहिनी सोडतात होय? दोघी भिंतीला वळसा घालून गेलो. बेडरूममध्ये वासच सांगत होता. तो उघडायला विसरलेल्या ट्रंकेचा वास, त्यावर उदबत्तीचा मुलामा. पश्चिमेच्या भिंतीला फिकट पिवळा रंग होता, पण छातीएवढ्या उंचीपर्यंत एक छटा आणि वर दुसरी. वहिनींनी सरळ कपाटाला हात घातला. "सरकवा हो जरा." गृहस्थांनी ढकललं. मागे रंगाऱ्याचा ब्रश पोहोचला नव्हता. काळपट-हिरवे डाग, त्यात खालून वर चढलेली मिठासारखी पांढरी रेघ. वहिनींनी नखाने नुसतं टोकरलं तर हाताएवढा पापुद्रा सुटून आला आणि आतली माती भुरभुरली. मग त्यांनी स्विचबोर्डकडे बोट दाखवलं. त्याचे स्क्रू तांबडे पडले होते.

"आमच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पत्रे ठोकलेत, दिसले असतील," मी म्हटलं. "ते हौस म्हणून नाही. पाऊस वरून पडतो असं तुम्हाला वाटतं. इथे तो आडवा येतो. ज्यांना पत्रे परवडत नाहीत ते निळं प्लॅस्टिक बांधतात. जिथे पत्राही नाही आणि प्लॅस्टिकही नाही, तिथे विचारायचं, की पावसाळ्यात इथे कुणी राहतं का."

बंगल्याचा राखणदार दाराशी उभा होता. आम्ही त्याला मामा म्हणतो, सगळी गल्लीच म्हणते. तो इतका वेळ गप्प होता, कारण पांढरा शर्ट आसपास होता. आता हळूच म्हणाला, "ताई, ती गाडी लावायची जागा दाखवली का यांना?"

"का हो मामा?"

"तिथनं वढा जायचा. माझ्या आज्याचं भाताचं खाचर व्हतं हे. वढा बुजवून वर फरशी टाकली. पर पाणी काय वाट इसरतंय व्हय?"

मामाच्या वडिलांनी ही जमीन विकली तेव्हा गुंठ्याला काय मिळालं, ते मामा सांगतो, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. आज तो त्याच जमिनीवर महिन्याच्या पगाराने झाडू मारतो, मालकाच्या कुत्र्याला भात घालतो आणि शनिवारी आलेल्या पाहुण्यांच्या बॅगा उचलतो. लोणावळ्यात आणि पवनेकडे अशी घरं कितीतरी आहेत. नकाशावर ओढा नसला तरी मामासारख्या माणसाच्या डोक्यात असतो. कुठलाही बंगला घेण्याआधी राखणदाराला चहा पाजावा, असं माझं मत. त्याच्याकडून जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

तोवर भाऊजी चष्मा पुसत भिंतीपाशी आले होते. बँकेत कर्जविभागात आयुष्य गेलेलं. कागद म्हटलं की त्यांना राहवत नाही. सगळे परत कुंपणाशी जमलो.

"कागद काय काय दिलेत?" भाऊजींनी विचारलं.

"लाइट बिल, टॅक्सची पावती..."

"ही मालकी नव्हे. मिळकत पत्रिका मागा. गावठाणाच्या किंवा शहराच्या बाहेरची जागा असली तर सातबारा आणि त्याच्यामागचे सगळे फेरफार. 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो, तो आधी वाचायचा. कुळाचं नाव, बोजा, बहिणींचे हक्क, सगळं तिथे लपून बसलेलं असतं. भोगवटादार वर्ग दोन लिहिलं असेल, तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहारच नाही. बिगरशेती आदेश आहे का? मंजूर नकाशा आहे का, आणि बंगला त्या नकाशाप्रमाणे आहे का? वरचा मजला नकाशात नसेल तर तो फक्त आकाशात आहे असं समजायचं. भोगवटा प्रमाणपत्र. तीस वर्षांचा सर्च, आणि तो वकील तुमचा, एजंटाचा नव्हे. नव्या प्रकल्पातलं घर असेल तर महारेराचा क्रमांक टाकून स्वतः बघा."

"पूररेषेचं सांगा ना," वहिनींनी आठवण केली.

"हां. इंद्रायणी इथेच कुरवंड्याजवळ उगम पावते आणि गावातून जाते. देहू-आळंदीला जाऊन आपण तिच्या पाया पडतो, पण घर बांधताना मात्र तिचं पात्र विसरतो. निळी पूररेषा म्हणजे सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. याच इंद्रायणीच्या काठी खाली चिखलीत निळ्या रेषेतले ३६ बंगले २०२५ च्या मे महिन्यात महापालिकेने जमीनदोस्त केले. लोकांनी पैसे मोजले होते, हप्ते चालू होते, गृहप्रवेशही झाले होते. बुलडोझर हप्ते विचारत नाही."

ते दोघं आता मोबाइलवर टिपून घेत होते. भाऊजींना असा श्रोता कधीच मिळत नाही, त्यामुळे गाडी सुटली. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. बायकोच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत. "म्हणजे घरही तिच्या नावावर आणि वर एक टक्का वाचला. यांनी तेवढं केलं बाई," वहिनी मला कोपर मारत म्हणाल्या.

"आणि लवासासारखं काही?" त्या मुलीने विचारलं. "तिथेही आमच्या ओळखीच्यांनी..."

भाऊजींनी मान हलवली. वरसगावच्या पाण्याकाठी केवढं स्वप्न विकलं होतं! २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, पुढे अटी घालून परवानगी दिली, आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढच्या टप्प्यांत पैसे भरलेले लोक दाद मागत बसले. "गाव आधी असावं, घर नंतर. नुसत्या चित्रातल्या गावात घर घेऊ नये," भाऊजी म्हणाले. हे मात्र मलाही पटलं. इथे रेल्वे दीडशे वर्षांपासून आहे, डेक्कन क्वीन थांबते, पुण्याला लोकल जाते, कैवल्यधामची योगसंस्था १९२४ पासून आहे. बाजार आहे, शाळा आहेत, कोपऱ्यावर किराणावाला उधार देतो. तळं नसतं तरी हे गाव गावच राहिलं असतं.

"पण वीकेंडला गर्दी असते ना?" तो म्हणाला.

आम्ही दोघी एकदम हसलो. शनिवार-रविवार आम्ही घराबाहेरच पडत नाही. भाजी शुक्रवारी, गॅसचा नंबर शुक्रवारी, नवऱ्याला दाढ दुखवायची असेल तर तीही शुक्रवारच्या आत. पावसाळ्यातल्या रविवारी भुशीकडे गाड्यांची रांग लागली, की रुग्णवाहिकासुद्धा हॉर्न वाजवत उभी राहते. मोठं दुखणं आलं तर तळेगाव, नाहीतर निगडी-पुणे गाठायचं, आणि रविवारी ते अंतर तिप्पट होतं. हे साठीतल्या माणसाने आधी विचारात घ्यावं. २०२४ च्या जूनमध्ये भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं बघता बघता वाहून गेली. तेव्हापासून बंदीचे फलक लागतात, पोलीस उभे राहतात आणि लोक फलकापाशी उभे राहून फोटो काढतात.

"आमचं तसं काही नाही," गृहस्थ म्हणाले. "आम्ही महिन्यातून एकदा येणार. बाकीचे वीकेंड व्हिला म्हणून भाड्याने देऊ. हप्ता तिथूनच निघेल."

झालं! वहिनींनी पदर खोचला.

"दादा, मागच्या गल्लीतला तो स्विमिंग पूलवाला बंगला माहीत आहे? दर शनिवारी वीस पोरं. रात्री दोनपर्यंत ढम ढम ढम. रहिवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल आणि रात्री दहानंतर पंचेचाळीस, असा नियम आहे, आमच्या यांनी छापून फाटकावर लावला होता. त्यांनी त्याच कागदात भजी गुंडाळली. सकाळी आमच्या जास्वंदीत बाटल्या. त्यांच्या शेजारच्या आजी बाराच्या पुढे हनुमानस्तोत्र म्हणत बसतात, झोप लागत नाही म्हणून. मालक मुंबईत. फोन केला तर म्हणतो, 'काकू, पोरं आहेत, एंजॉय करू द्या.' त्याचा हप्ता आजींच्या झोपेतून निघतो, हे त्याला कळतच नाही."

ती मुलगी नवऱ्याकडे बघत होती. तो सारखा बूट चावत असल्यासारखे पाय बदलत होता.

मला जरा दया आली. म्हटलं, सगळंच वाईट सांगून कसं चालेल? म्हणून सांगितलं, की श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की इथून हलावंसं वाटत नाही. भाद्रपदात डोंगर सोनकीने पिवळे होतात. मार्चपर्यंत पंखा लागत नाही. सकाळी तुंगार्लीला चालायला गेलं, की निम्मं गाव भेटतं आणि उरलेल्या निम्म्याची खबर मिळते. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर त्यांच्या घरी डबा कमी पडला नाही. डोंबिवलीत समोरच्या दारावरची पाटी वाचूनही त्यांना शेजाऱ्याचा चेहरा आठवायचा नाही. इथे चेहराही माहीत आणि बीपीच्या गोळीची वेळही.

"मग आम्ही काय करावं?" तिने सरळ विचारलं.

"एक पावसाळा भाड्याने राहा," वहिनी म्हणाल्या. "निदान जुलै-ऑगस्ट. मंगळवारी राहा, रविवारीही राहा. ओल, वीज, डॉक्टर, बाजार, शेजार, सगळं कळेल. पैसे जातील थोडे, पण चुकीच्या घरात जातात त्यापेक्षा कमीच."

पांढरा शर्ट फोन संपवून आला तेव्हा आमचं बोलणं कैरीच्या लोणच्यावर आलं होतं. त्याने संशयाने आमच्याकडे बघितलं. दोघं गाडीत बसली. जाताना त्या मुलीने काच खाली करून वहिनींचा नंबर घेतला, एजंटाचा नाही.

"घेतील का हो ताई?" वहिनींनी विचारलं.

"ती घेईल. तो नाही. आणि घर तिच्या नावावर असेल तर तिचंच चालेल."

तुम्हीही घर बघायला इकडे येणार असाल, तर क्रम हाच ठेवा: तळं सगळ्यात शेवटी बघा. आधी कपाटामागची भिंत, मग कागद, मग राखणदार आणि मग शेजारी. राहायला येणार असाल तर जरूर घ्या, पहिला चहा आमच्याकडे. पण कुलूप लावून ठेवायला किंवा दर शनिवारी पार्टीला द्यायला घेणार असाल, तर पैसे सरळ बँकेत ठेवा. तिथे निदान त्यांना बुरशी लागत नाही.